कोल्हापूरची यंत्रे आणि बाहेरचे संशोधक: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जी यंत्रणा संगणकाच्या आज्ञेवर चालते, पण जिचा परिणाम पडद्यावर न थांबता पाण्यावर, विजेवर किंवा वितळलेल्या लोखंडावर होतो, तिला सायबर-भौतिक प्रणाली म्हणतात. अशा प्रणाली सुरक्षित कशा ठेवाव्यात, आणि बिघाड किंवा हल्ला झालाच तर त्यांनी तग कसा धरावा, यावर महाविद्यालये, कारखाने आणि बाहेरची विद्यापीठे यांनी एकत्र संशोधन करण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: आम्ही काही सहकारी कोल्हापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. तग धरणाऱ्या आणि सुरक्षित सायबर-भौतिक प्रणालींवर संयुक्त संशोधन करण्याविषयी एका परदेशी विद्यापीठातील गटाने आम्हाला विचारले आहे. आमच्याकडे मोठी प्रयोगशाळा नाही. या सहकार्यात आम्ही काय देऊ शकतो आणि करारात काय असावे?

मोठी प्रयोगशाळा नसणे ही उणीव खरी, परंतु या विषयात ती बऱ्याच अंशी भरून काढता येते. सिंगापूर युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी अँड डिझाइन या विद्यापीठाच्या ‘आयट्रस्ट’ केंद्राने केवळ सुरक्षेच्या संशोधनासाठी ‘स्वॉट’ नावाचा जलशुद्धीकरणाचा संच उभारला असून तो २०१५ पासून चालू आहे. सहा टप्प्यांचा हा संच मिनिटाला सुमारे १९ लिटर पाणी शुद्ध करतो. त्यावर ११ दिवस सलग नोंदी घेण्यात आल्या. त्यांपैकी ७ दिवस संच नेहमीसारखा चालू होता आणि ४ दिवस त्याच्यावर ठरवून हल्ले करण्यात आले. ५१ संवेदक, पंप आणि झडपा यांच्या या नोंदी केंद्राकडे रीतसर मागणी केल्यास संशोधकांना मिळतात. आपल्या विद्यार्थ्यांनी सुरुवात तिथूनच करावी.

परंतु खरे पंपगृह किंवा खरा कारखाना रोजच्या रोज कसा बिघडतो, हे चांगल्या निगराणीतल्या संचाच्या नोंदींतून कळत नाही. पावसाळ्यात नदीच्या पाण्याबरोबर गाळ येतो आणि पंपाचा प्रवाह घटतो. संध्याकाळी व्होल्टेज पडते आणि मोटर ट्रिप होते. टाकीच्या वर बसवलेल्या पातळीमापकासमोर कोळी जाळे विणतो आणि रिकामी टाकी भरलेली दिसू लागते. हल्ला ओळखायला शिकवलेल्या संगणकीय प्रारूपाला यांतली प्रत्येक घटना हल्ल्यासारखीच भासते. अशी खोटी घंटा सारखी वाजू लागली की पंपगृहातला माणूस वैतागून ती बंद करून ठेवतो, आणि मग खऱ्या हल्ल्याच्या वेळीही ती बंदच असते.

याची उलट बाजूही घडून गेली आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील मरूची शायर येथे २००० साली सांडपाण्याचे पंप आपोआप बंद पडू लागले, इशारे मिळेनासे झाले, आणि सुरुवातीला सर्वांनी नव्या यंत्रणेतले दोष म्हणूनच त्याकडे पाहिले. प्रत्यक्षात ती यंत्रणा बसवणाऱ्या कंत्राटदाराकडे पूर्वी काम केलेला एक माणूस लॅपटॉप आणि रेडिओ संच घेऊन पंपांना खोट्या आज्ञा देत होता. हे उघड होईपर्यंत सुमारे ८ लाख लिटर सांडपाणी उद्यानांत आणि ओढ्यांत जाऊन मिसळले होते. बिघाड कोणता आणि घातपात कोणता हे वेळेत ओळखणे हा या क्षेत्रातला आजही पुरता न सुटलेला प्रश्न आहे. तो सोडवायला ज्या नोंदी लागतात त्या प्रयोगशाळेत तयार होत नाहीत. शिंगणापूरच्या पंपगृहात, शिरोलीच्या फौंड्रीत, एखाद्या साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये तयार होतात. माझ्या मते आपल्या गटाने या सहकार्यात आणण्याजोगी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि परदेशी गटाशी बोलताना ती संकोच न करता पहिल्यांदा मांडावी.

या कामात संगणकशास्त्राइतकेच पदार्थविज्ञान लागते. एक साधे उदाहरण घेऊ. २० मीटर व्यासाच्या गोल टाकीत ताशी ३६० घनमीटर पाणी येत आहे आणि बाहेर जाणारी झडप बंद आहे. टाकीच्या तळाचे क्षेत्रफळ साधारण ३१४ चौरस मीटर असल्याने पाण्याची पातळी तासाला सुमारे १.१५ मीटर वाढलीच पाहिजे. पडद्यावर पातळी जागची हलत नसेल, तर प्रवाहमापक, पातळीमापक आणि झडपेची खूण या तिघांपैकी किमान एक जण खोटे सांगत आहे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ या घातक प्रोग्रॅमने इराणमधील नतान्झ येथील सेंट्रिफ्यूज यंत्रांची गती बदलली आणि त्याच वेळी, आधी टिपून ठेवलेली सुरळीत मोजमापे पुढे करून देखरेखीच्या यंत्रणेला सर्व काही ठीक असल्याचे भासवले. एका संवेदकाला खोटे बोलायला लावणे अवघड नाही. एकमेकांशी निसर्गनियमांनी बांधलेल्या दहा संवेदकांना एकाच वेळी सुसंगत खोटे बोलायला लावणे मात्र अवघड आहे, कारण त्यासाठी हल्लेखोराला तो प्लांट आतून-बाहेरून माहीत असावा लागतो. म्हणून केवळ संगणकशास्त्राच्या विभागाने हे काम अंगावर घेऊ नये. विद्युत, इन्स्ट्रुमेंटेशन आणि ज्या प्लांटवर काम करायचे त्या शाखेचा, म्हणजे पाण्यासाठी स्थापत्य आणि फौंड्रीसाठी यंत्र किंवा धातू अभियांत्रिकीचा, एकेक सहकारी पहिल्या दिवसापासून बरोबर असावा.

नोंदी म्हणजे फक्त संगणकातल्या फायली नव्हेत. ऑपरेटरने हाताने लिहिलेल्या लॉगबुकात ‘रात्री पंप नं. २ ट्रिप, फूटव्हॉल्व्हला कचरा, साफ करून चालू’ अशी जी एक ओळ असते, तिच्यामुळेच संगणकातल्या त्या वेळच्या आकड्यांना अर्थ येतो. विद्यार्थ्यांनी परवानगी घेऊन ही लॉगबुके वाचावीत, ऑपरेटरशी बोलून त्यांतल्या नोंदी आकड्यांशी जुळवाव्यात, आणि संशोधन निबंधात त्या ऑपरेटरांच्या कामाचा रीतसर उल्लेख करावा. हे जुळवताना पहिला अडथळा घड्याळाचा येतो. पॅनेलवरचे, संगणकावरचे आणि भिंतीवरचे घड्याळ यांत काही मिनिटांचा फरक असला, तर आधी व्होल्टेज पडले की आधी आज्ञा आली, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. सर्व घड्याळे जुळवणे हे प्रकल्पातले पहिले काम समजावे.

आता कराराविषयी. बहुतेक ठिकाणी सामंजस्य करारावर सह्या होतात, छायाचित्र निघते आणि कामाच्या अटी मात्र कोठेच लिहिलेल्या नसतात. आपण त्या लिहून घ्याव्यात. चालू प्लांटवर कोणतीही हल्ल्याची चाचणी होणार नाही, ती फक्त प्रयोगशाळेतल्या प्रतिकृतीवर होईल, ही अट सर्वांत वर असावी. प्लांटच्या मूळ नोंदी कोठे राहतील, त्यांतली ओळख पटवणारी माहिती कोण काढून टाकेल, आणि देशाबाहेर नक्की काय जाईल, हे स्पष्ट असावे. माझा आग्रह असा राहील की मूळ नोंदी इथेच राहाव्यात आणि भागीदारांनी आपली प्रारूपे इकडे पाठवावीत. संशोधनात एखादी कमकुवत जागा सापडली, तर ती आधी प्लांटला आणि मग यंत्राच्या उत्पादकाला कळवायची, दुरुस्तीसाठी ठरलेली मुदत द्यायची आणि त्यानंतरच ती प्रसिद्ध करायची. प्लांटच्या मालकाला निबंध आधी वाचण्याचा हक्क असावा, पण न आवडलेला निष्कर्ष रोखण्याचा नसावा. आणि इथे नोंदी गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांचे नाव लेखकांमध्ये येईल की केवळ आभारांत, हेही आधीच ठरवावे, कारण अशा सहकार्यात मनात अढी बसते ती बहुधा याच कारणाने.

देशातही आधार आहे. आंतरविद्याशाखीय सायबर-भौतिक प्रणालींच्या राष्ट्रीय अभियानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१८ मध्ये ३,६६० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजुरी दिली आणि त्यातून २५ तंत्रज्ञान-नवोन्मेष केंद्रे उभी राहिली. आयआयटी कानपूरचे ‘सीथ्रीआय हब’ सायबर सुरक्षेवर काम करते, तर आयआयटी मद्रासचे ‘प्रवर्तक’ संवेदक आणि नियंत्रण प्रणालींवर. परदेशी भागीदाराशी बोलणी चालू असतानाच यांपैकी एखाद्या केंद्राशीही पत्रव्यवहार करून ठेवावा, असा माझा सल्ला आहे.

प्रश्न: शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी फौंड्री आहे. महाविद्यालयाच्या संशोधन प्रकल्पासाठी इंडक्शन भट्टीच्या पॅनेलची, वाळूच्या प्लांटची आणि वीजमीटरची माहिती मागितली जात आहे. आमच्यासारख्या लहान कारखान्यावर कोण हल्ला करणार, असे मला वाटते. पण माहिती द्यायचीही भीती वाटते. काय करावे?

आपण एकदा भट्टीच्या पॅनेलचे दार उघडून पाहावे. पुष्कळ ठिकाणी आत सिमकार्ड घातलेला एक छोटा राउटर सापडतो. पॅनेल बसवणाऱ्या कंपनीने ‘काही अडचण आली तर तिथूनच बघू’ म्हणून तो लावलेला असतो, त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच असतो, आणि तो दिवसरात्र चालू असतो. इंटरनेटवर उघडी राहिलेली अशी उपकरणे शोधणारे प्रोग्रॅम कारखाना लहान की मोठा हे पाहत नाहीत. ते एकामागून एक पत्ते तपासत जातात. पुढे, पॅनेल, वीजमीटर आणि तापमान नियंत्रक यांना जोडणारी भाषा बहुधा मॉडबस असते. ती १९७९ सालची आहे आणि मूळ रचनेत आज्ञा देणाऱ्याची ओळख विचारण्याची सोयच नाही. त्या जाळ्यात जो शिरला, त्याची आज्ञा यंत्र निमूटपणे ऐकते.

त्यात हिशेबाचा संगणक आणि भट्टीचे पॅनेल एकाच वायफायवर असले, तर कार्यालयातल्या एका फसव्या ईमेलची झळ भट्टीपर्यंत पोचू शकते. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइन कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला तो कार्यालयीन संगणकांवर. तो पुढे पसरेल या भीतीने कंपनीने इंधनाची वाहिनी स्वतःहून बंद केली, आणि पूर्व किनाऱ्यावरच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. म्हणून महाविद्यालयाला होकार देण्याआधीच कार्यालय आणि शॉप फ्लोअर यांची जाळी वेगळी करावीत, आणि तो राउटर फक्त दुरुस्तीच्या वेळी, आपल्या माणसासमोर चालू करण्याची शिस्त लावावी.

आपल्या भट्टीत एक जुनी, शहाणी सोय आहे, तिला कोणालाही हात लावू देऊ नये. वीज गेली किंवा पंप बंद पडला तरी भट्टीभोवतीच्या कॉइलला, म्हणजे विजेच्या वेटोळ्याला, थंड ठेवणारे पाणी मिळत राहावे म्हणून उंचावर ठेवलेली आपत्कालीन टाकी संगणकाला न विचारता, केवळ उताराने पाणी देते. लायनिंग, म्हणजे भट्टीचे आतले अस्तर, फुटून धातू कॉइलपर्यंत आला तर भट्टी ट्रिप करणारा अर्थ लीकेज रिलेही तसाच महत्त्वाचा आहे. वितळलेले लोखंड आणि पाणी एकत्र आले तर काय होते, हे आपल्या मेल्टरला मी सांगण्याची गरज नाही. सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन प्रकल्पात २०१७ मध्ये सापडलेल्या ‘ट्रायटन’ या घातक प्रोग्रॅमने नेमके संकटात प्लांट थांबवणाऱ्या सुरक्षा नियंत्रकांनाच लक्ष्य केले होते. तेव्हा सुरक्षेच्या या सोयी वेगळ्या वायरिंगवर राहाव्यात आणि संशोधनाच्या नावाखालीही त्या जाळ्याला जोडल्या जाऊ नयेत.

माहिती द्यायला माझा पाठिंबा आहे, फक्त ती घेण्याची पद्धत आपण ठरवावी. विद्यार्थ्यांचा संगणक पीएलसीला, म्हणजे यंत्रांना आज्ञा देणाऱ्या नियंत्रकाला, थेट जोडू देऊ नये आणि त्यांचा पेन ड्राइव्हही पॅनेलच्या संगणकात घालू नये. विजेची माहिती स्वतंत्र मीटर आणि केबलभोवती बसवलेल्या सीटीवरून (प्रवाह मोजणाऱ्या कड्यावरून) घेता येते, म्हणजे माहिती बाहेर जाते पण आज्ञा आत येण्याची वाटच राहत नाही. विजेच्या आलेखावरून एका पाळीत किती हीट (धातू वितळवण्याच्या खेपा) निघाल्या आणि प्रत्येकीला किती वेळ लागला, हे जाणकाराला सहज कळते, म्हणजे तो आपला धंद्याचा हिशेबच झाला. त्यामुळे ग्राहकाचे नाव, पार्ट नंबर आणि तारखा काढून टाकूनच नोंदी द्याव्यात आणि हे लेखी असावे. कंपनीवर सायबर हल्ला झालाच, तर एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तो लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेला कळवावे लागते, हेही लक्षात ठेवावे.

प्रश्न: मी पाणीपुरवठ्याच्या पंपगृहातून निवृत्त झालो आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंपच पाण्याखाली गेले आणि चहूकडे पाणी असताना शहराच्या नळाला पाणी नव्हते. त्यात हॅकर कोणी नव्हता. अशा गोष्टींना या संशोधनात जागा आहे का?

आहे, आणि माझ्या दृष्टीने ती फार वरची आहे. या विषयाचे दोन भाग आहेत. कोणी आत शिरू नये यासाठी करायची व्यवस्था हा एक. आणि शिरलाच, किंवा पूर आला, वीज गेली, तर किती काम चालू राहील, सूत्रे कोण हाती घेईल आणि पूर्ववत व्हायला किती वेळ लागेल, हा दुसरा. या दुसऱ्या भागात पंचगंगेचे पाणी आणि हल्लेखोर यांच्यात फारसा फरक उरत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी हे कोल्हापुरात लहान मुलांनाही पाठ असते, आणि त्या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. कोणत्या फुटाला कोणते पॅनेल बुडते, कोणता रस्ता बंद होतो, कोणत्या टॉवरचे मोबाइल नेटवर्क जाते आणि त्यामुळे कोणत्या संवेदकाची माहिती थांबते, असा एकत्र तक्ता तयार करणे हा एका संशोधन प्रबंधाचा विषय आहे. तो करायला आपल्यासारखी माणसे लागतील.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपण पाहिले असतीलच. पाणी ठरलेल्या पातळीला आले की ते आपोआप उघडतात. त्यांना इंटरनेटवरून कोणी फसवू शकत नाही, हे त्यांचे मोठे बळ आहे. पण पुढच्या दोन दिवसांच्या पावसाचा अंदाज ऐकून ते आधी उघडतही नाहीत. पूर येण्याआधीच पाणी सोडून धरणात जागा करायची असेल, तर मोजमापे, दळणवळण आणि दुरून आज्ञा देण्याची सोय लागते, आणि ती आली की फसवणुकीची वाटही उघडते. जुन्या यांत्रिक सोयीचा भक्कमपणा न गमावता नव्या सोयीची दूरदृष्टी कशी मिळवावी, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक धरणाला आणि प्रत्येक विद्युत उपकेंद्राला पडलेला आहे.

आपल्या अनुभवाचे मोल किती, हे युक्रेनमधल्या घटनेवरून कळते. २३ डिसेंबर २०१५ रोजी तेथील तीन वीज वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत हल्लेखोर दुरून शिरले. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला आणि एकेक ब्रेकर उघडत, म्हणजे वीज तोडत, गेला. सुमारे २.२५ लाख ग्राहक अंधारात गेले. तरीही काही तासांत वीज परत आली, कारण कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी उघडलेले ब्रेकर हाताने पुन्हा मिटवून पुरवठा जोडला. हाताने चालवण्याची सोय शिल्लक होती आणि ती वापरता येणारी माणसे कामावर होती. नियंत्रण कक्षांचे कामकाज मात्र त्यानंतर कित्येक महिने पूर्वपदावर आले नव्हते.

आपल्याकडे अशी माणसे दरवर्षी निवृत्त होत आहेत. काळम्मावाडी धरणातून शहरापर्यंत ५० किलोमीटरहून लांब वाहिनीने पाणी आणणाऱ्या योजनेसारख्या कामात तर एखादी झडप घाईने बंद केली तरी पाण्याचा आघात बसून वाहिनी फुटू शकते. पडदा बंद पडल्यावर कोणती झडप आधी, किती फेरे आणि किती सावकाश फिरवायची, हे ज्ञान बहुतेक वेळा कोठेच लिहिलेले नसते. एखाद्या महाविद्यालयाच्या गटाबरोबर बसून आपण ते सांगावे आणि त्यांनी ते टिपून घ्यावे, अशी माझी आपल्याला मनापासून विनंती आहे.

प्रश्न: मी तंत्रनिकेतनात इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे क्षेत्र फक्त संगणक शाखेच्या मुलांचे आहे का? मी सुरुवात कशी करू?

मुळीच नाही. संवेदकाचे मोजमाप नियंत्रकापर्यंत नेणारा ४ ते २० मिलिअँपिअरचा लूप तपासता येणारी आणि पीएलसीचा लॅडर प्रोग्रॅम वाचता येणारी विद्यार्थिनी या संशोधनात संगणक शाखेच्या विद्यार्थ्याइतकीच हवी असते. दोन लहान टाक्या, एक पंप, एक पातळीमापक आणि ‘ओपनपीएलसी’ हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर एवढ्यावर कॉलेजच्या टेबलावर चांगला संच उभा राहतो. आधी तो महिनाभर नीट चालवा आणि प्रत्येक बिघाड तारीख-वेळेसह लिहा. त्यानंतर मैत्रिणीला पातळीमापकाचा आकडा गुपचूप बदलायला सांगा आणि आलेला व गेलेला प्रवाह मोजून तुम्हाला ते ओळखता येते का पाहा. सारे प्रयोग मात्र स्वतःच्याच संचावर करावेत. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि शासनाने संरक्षित म्हणून घोषित केलेली यंत्रणा असेल तर कलम ७० खाली १० वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. महिनाभराच्या नोंदी तयार झाल्या की त्या घेऊन जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एखाद्या संशोधन गटाला भेटा. स्वतः घेतलेल्या नोंदी घेऊन येणाऱ्या विद्यार्थिनीला असे गट आनंदाने सामावून घेतात.